युद्धाच्या काळातले ऑस्कर कसे बघायचे: १९४२ ते १९४७

जुन्या ऑस्कर विजेत्यांची यादी काढून वरून खाली एकेक सिनेमा बघत जायचं असं बरेच जण ठरवतात आणि चाळीसच्या दशकात आले की गाडी अडते. तिथे सिटिझन केन हरलेला दिसतो, डबल इन्डेम्निटीला सात नामांकनं असून एकही बक्षीस नाही, आणि जिंकलंय कोण तर वेल्समधल्या खाणकामगारांच्या घराची गोष्ट, इंग्लंडमधल्या एका मध्यमवर्गीय बाईची गोष्ट आणि एक गाणारा फादर. मग लोक म्हणतात ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीला सिनेमातलं काही कळत नव्हतं, आणि विषय तिथेच संपवतात. मला हे अजिबात पटत नाही. ही यादी गुणवत्तायादी म्हणून वाचली की फसते, पण तीच यादी युद्धाच्या तारखांच्या शेजारी ठेवून वाचा, प्रत्येक निकाल का लागला ते कळायला लागतं आणि सिनेमेही जास्त आवडायला लागतात. ते कसं करायचं तेवढंच इथे सांगते.

आधी तारखा लिहून घ्या

पहिलं काम म्हणजे वहीत तीन रकाने करा. सिनेमा कधी लागला, सोहळा कधी झाला, आणि त्या आठवड्यात युद्ध कुठवर आलं होतं. हे कंटाळवाणं वाटेल पण यानेच सगळं उलगडतं त्यामुळे टाळू नका.

सोहळ्यांच्या तारखा अशा: २६ फेब्रुवारी १९४२, ४ मार्च १९४३, २ मार्च १९४४, १५ मार्च १९४५, ७ मार्च १९४६, आणि शेवटची १३ मार्च १९४७. शेवटचे दोन सोहळे युद्ध संपल्यावरचे आहेत पण ते घेतल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही, खास करून १९४७ चा.

आता इथे एक गडबड हमखास होते. "१९४३ चं ऑस्कर" म्हणजे १९४३ मधे झालेला सोहळा की १९४३ च्या सिनेमांना मिळालेलं बक्षीस? दोन्ही अर्थाने लोक लिहितात आणि मग एक वर्ष इकडेतिकडे होतं. सोपा उपाय म्हणजे सोहळ्याचा क्रमांक धरा. १९४२ चा सोहळा चौदावा, १९४३ चा पंधरावा, असं करत १९४७ चा एकोणिसावा. क्रमांक कधी फसवत नाही.

दुसरी गोष्ट, सिनेमा कुठल्या वर्षात मोजायचा हे तो लॉस एंजेलिसमधे कधी लागला त्यावर ठरायचं, न्यूयॉर्कमधे कधी लागला त्यावर नाही. कासाब्लांकाचंच घ्या. न्यूयॉर्कमधे तो २६ नोव्हेंबर १९४२ ला लागला, घाईघाईने, कारण त्याच महिन्याच्या ८ तारखेला दोस्त सैन्य उत्तर आफ्रिकेत उतरलं होतं आणि कासाब्लांका हे शहर रोज पेपरात झळकत होतं. पण बाकी देशात तो जानेवारी १९४३ मधे आला, तेव्हा रूझवेल्ट आणि चर्चिल यांची परिषद खुद्द कासाब्लांकातच चालू होती. म्हणून तो मोजला गेला १९४३ चा सिनेमा आणि बक्षीस मिळालं मार्च १९४४ मधे. ब्रिटिश सिनेमा इन विच वुई सर्व्ह तर आणखी मजेशीर, त्यासाठी नोएल कॉवर्डला पंधराव्या सोहळ्यात खास पुरस्कार मिळाला आणि सर्वोत्कृष्ट सिनेमाचं नामांकन मात्र सोळाव्यात. रकाने केले असतील तर असं काही दिसलं की गोंधळायला होत नाही.

१९४२: निकाल वाचायच्या आधी त्या आठवड्याच्या बातम्या वाचा

पर्ल हार्बरवर हल्ला झाला ७ डिसेंबर १९४१ ला. सोहळा त्यानंतर तीन महिन्यांच्या आत. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडलं. २३ फेब्रुवारीला एका जपानी पाणबुडीने कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळच्या तेलक्षेत्रावर तोफा डागल्या. आणि २४ तारखेच्या रात्री खुद्द लॉस एंजेलिसमधे शत्रूची विमानं आली असं समजून भोंगे वाजले, सगळ्या शहराचे दिवे बंद झाले आणि विमानविरोधी तोफांनी आकाशात चौदाशेच्या वर गोळे उडवले. विमान एकही आलेलं नव्हतं. त्यानंतर दोनच दिवसांनी, त्याच शहरात, बिल्टमोर हॉटेलात ऑस्करचं जेवण झालं. त्या हॉलमधे बसलेल्यांच्या मनात काय चाललं असेल याचा विचार करा आणि मग विजेता बघा.

सोहळा करायचा की नाही इथूनच वाद होता. अभिनेत्री बेटी डेव्हिस १९४१ मधे अकॅडमीची अध्यक्ष झाली होती, पहिली बाई त्या पदावर. तिने सुचवलं की यंदा मेजवानी नको, मोठ्या थिएटरात सोहळा करू, तिकिटं विकू आणि पैसे ब्रिटिश मदतनिधीला देऊ. मंडळींना ते रुचलं नाही आणि ती थोड्याच आठवड्यांत राजीनामा देऊन मोकळी झाली. पर्ल हार्बरनंतर मेजवानी रद्द झाली, मग परत ठरली पण साधं जेवण म्हणून, भारी पोशाख नाही, नाच नाही. बेटी डेव्हिसचं म्हणणं लक्षात ठेवा, दोन वर्षांनी ते परत येणार आहे.

त्या रात्री जिंकला जॉन फोर्डचा हाऊ ग्रीन वॉज माय व्हॅली, दहा नामांकनं आणि पाच बक्षिसं. सिटिझन केनला नऊ नामांकनं आणि एकच बक्षीस, पटकथेचं, हर्मन मॅन्किविच आणि ऑर्सन वेल्स दोघांना मिळून. आता हे दोन्ही सिनेमे पाठोपाठ बघा, शक्यतो एकाच आठवड्यात. फोर्डचा सिनेमा बघताना एक गोष्ट डोक्यात ठेवा की तो खरं तर वेल्समधे जाऊन रंगीत करायचा बेत होता, दिग्दर्शक होता विल्यम वायलर. पण ब्रिटनवर बॉम्ब पडत होते, जाणं शक्यच नव्हतं, म्हणून मालिबूजवळच्या डोंगरात अख्खं खाणगाव उभारलं आणि कॅलिफोर्नियाच्या डोंगरांचा रंग वेल्सशी जुळेना म्हणून सिनेमा कृष्णधवल केला. म्हणजे पडद्यावर युद्ध कुठेच नाही, तरी त्या सिनेमाचं रूप युद्धाने ठरवलंय. आणि गोष्ट काय, तर एक घर हळूहळू मोडतं, पोरं एकेक करून निघून जातात, आई-बाप मागे राहतात. १९४२ च्या फेब्रुवारीत ज्यांची मुलं भरती व्हायला निघाली होती त्यांना हे कसं लागलं असेल ते वेगळं सांगायला नको. केन मोठा सिनेमा आहेच, माझ्या मते जास्त मोठा, पण त्या आठवड्यात एका एकट्या पडलेल्या धनाढ्य माणसाच्या गोष्टीला लोक मन देतील अशी अपेक्षा करणं चूक आहे.

त्याच रात्री गॅरी कूपर सार्जंट यॉर्कसाठी जिंकला. पहिल्या महायुद्धातला खरा सैनिक, आधी धर्माच्या कारणाने लढायला नकार देणारा आणि मग लढणारा. अमेरिकेच्या मनात १९४१ भर जो वाद चालला होता तो या एका पात्रात आलाय, वेळ असेल तर जरूर बघा.

आणि माहितीपटांसाठी स्पर्धा याच वर्षी सुरू झाली, पहिला विजेता कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाचा चर्चिल्स आयलंड. माहितीपट सोडू नका. इथे बहुतेक जण कमी पडतात, मोठे सिनेमे बघतात आणि हे छोटे तसेच राहतात. माझा नियम असा आहे की प्रत्येक सोहळ्यातून तीन बघायचे: एक जिंकलेला, एक हरलेला, एक माहितीपट.

१९४३: मिसेस मिनिव्हर शेवटच्या दहा मिनिटांसाठी दोनदा बघा

चार मार्च, अँबॅसडर हॉटेलचा कोकोनट ग्रोव्ह हॉल. महिन्याभरापूर्वी स्टालिनग्राडमधे जर्मनांनी शरणागती पत्करलेली. वारं फिरतंय पण युरोपात उतरायचं अजून बाकी आहे. मिसेस मिनिव्हरला बारा नामांकनं आणि सहा बक्षिसं. दिग्दर्शक विल्यम वायलर बक्षीस घ्यायला हजरच नव्हता, तो तोवर हवाई दलात भरती होऊन परदेशी गेला होता, बक्षीस त्याच्या बायकोने घेतलं.

हा सिनेमा आज बघताना पहिला अर्धा तास जरा गोडगोड वाटेल. टोपी विकत घेतली, गाडी विकत घेतली, गुलाबाच्या फुलांची स्पर्धा. थांबा, बंद करू नका. तो गोडवा मुद्दाम आहे, पुढे काय काय जाणार ते आधी दाखवून ठेवलंय. सिनेमाचं शूटिंग सुरू झालं तेव्हा अमेरिका युद्धात नव्हती, संपेस्तोवर उतरली होती. स्वयंपाकघरातला सीन नीट बघा, जखमी जर्मन वैमानिक घरात शिरतो आणि मिसेस मिनिव्हर झालेली ग्रीअर गार्सन त्याच्यासमोर एकटी. हा सीन पर्ल हार्बरनंतर जास्त कडक करून परत घेतला गेला. वैमानिकाचं काम करणारा हेल्मुट डँटिन ऑस्ट्रियन होता, नाझींनी डांबून ठेवलेला आणि तिथून सुटून अमेरिकेत आलेला.

आणि शेवट. बॉम्बने छप्पर उडालेलं चर्च, बाकांवर रिकाम्या झालेल्या जागा, आणि पाद्री सांगतोय की हे युद्ध फक्त गणवेशातल्या सैनिकांचं नाही, सगळ्यांचं आहे. कॅमेरा वर जातो, मोडक्या छपराच्या भोकातून आकाश दिसतं आणि तिथून विमानांची रांग जाते. हे भाषण वायलर आणि पाद्र्याचं काम करणारा हेन्री विल्कॉक्सन यांनी परत लिहून काढलं होतं, आणि ते पुढे पत्रकांवर छापून युरोपात वाटलं गेलं. पहिल्यांदा बघताना त्यात वाहून जा. दुसऱ्यांदा फक्त बाकांकडे बघा, कोण कुठे बसलंय, कोण आता नाही, आणि मिनिव्हरांचा मुलगा विन्सेंट आपल्या जागेवरून उठून लेडी बेल्डनच्या शेजारी जाऊन उभा राहतो ती हालचाल. एक शब्द नाही. वायलर किती बारकाईने काम करायचा ते इथे कळतं.

ग्रीअर गार्सनच्या भाषणाबद्दल तुम्हाला कुठेतरी वाचायला मिळेल की ती तासभर बोलली. तसं नाही, साधारण साडेपाच मिनिटं बोलली, पण मध्यरात्र उलटून गेली होती आणि लोक दमले होते त्यामुळे ती गोष्ट फुगत गेली. असल्या किश्श्यांवर विश्वास ठेवण्याआधी अकॅडमीच्या स्वतःच्या ऑनलाइन डेटाबेसमधे जा, तिथे सगळी नामांकनं आणि निकाल वर्षवार शोधता येतात, भाषणांचाही वेगळा विभाग आहे. सुरुवात नेहमी तिथूनच करा.

आता या वर्षीचा माहितीपट. एकाच गटात पंचवीस नामांकनं आणि चार विजेते, असं नंतर कधी झालं नाही. एक अमेरिकन नौदलाचा बॅटल ऑफ मिडवे, एक ऑस्ट्रेलियाचा कोकोडा फ्रंट लाइन, एक सोव्हिएत मॉस्को स्ट्राइक्स बॅक, आणि एक अमेरिकन सैन्याचा प्रील्यूड टू वॉर. दोस्त राष्ट्रांचं अख्खं एक टेबल त्या निकालात बसलंय. पहिल्यांदा बॅटल ऑफ मिडवे बघा, फक्त अठरा मिनिटांचा आहे आणि रंगीत आहे. जॉन फोर्ड स्वतः मिडवे बेटावर कॅमेरा घेऊन उभा होता, हल्ल्यात जखमी झाला. एके ठिकाणी जवळ स्फोट होतो आणि फिल्म कॅमेऱ्यातच उडते, चित्र फ्रेममधून घसरतं, पट्टीची कड दिसते. स्टुडिओतला माणूस असता तर हा तुकडा कापून टाकला असता. फोर्डने ठेवला. ज्या माणसाने वर्षभरापूर्वी मालिबूत खोटं वेल्स उभं केलं होतं त्याचंच हे काम आहे, म्हणून हे दोन सिनेमे एकापाठोपाठ बघायला मी सांगते.

प्रील्यूड टू वॉर फ्रँक काप्राचा, भरती झालेल्या सैनिकांना आपण का लढतोय हे सांगण्यासाठी बनवलेला. त्यात नाझींनी स्वतःच चित्रित केलेल्या मिरवणुका आणि सभा उचलून त्यांच्याच विरुद्ध वापरल्यात. हा प्रचारपट आहे, तो प्रचारपट म्हणूनच बघायचा, जपानी लोकांबद्दल त्यात जे बोललंय ते आज ऐकवत नाही आणि ऐकवू नयेच.

आपल्याकडचा एक धागाही याच वर्षात आहे. म्हैसूरच्या हत्तीखान्यातून हॉलिवूडला पोचलेला साबू, त्याच्या जंगल बुकला पंधराव्या सोहळ्यात चार नामांकनं होती, आणि पुढे हाच मुलगा अमेरिकन हवाई दलात बॉम्बर विमानावर गनर म्हणून लढला.

पुतळ्याचं काय झालं

फोटो बघताना हे लक्षात असू द्या. युद्धात धातूची टंचाई होती म्हणून तीन वर्षं ऑस्करचे पुतळे प्लास्टरचे केले आणि वरून रंग दिला. युद्ध संपल्यावर विजेत्यांना ते देऊन धातूचे घेता आले. म्हणजे ग्रीअर गार्सनच्या, जेनिफर जोन्सच्या, बिंग क्रॉस्बीच्या हातात त्या रात्री जो पुतळा दिसतो तो प्लास्टरचा. १९४५ चा सहायक विजेता बॅरी फिट्झजेराल्डने घरात गोल्फचा सराव करताना आपल्या पुतळ्याचं मुंडकं उडवलं हा किस्सा प्रसिद्ध आहे आणि तो प्लास्टरचा होता म्हणूनच उडालं. सहायक भूमिकेच्या विजेत्यांना आधी पूर्ण पुतळा मिळतच नव्हता, छोटा पुतळा लावलेली पाटी मिळायची, पूर्ण आकाराचा मिळायला लागला १९४४ पासून. तेव्हा एखाद्या जुन्या फोटोचं वर्ष ओळखायचं असेल तर सहायक विजेत्याच्या हातात काय आहे ते बघा.

पुतळा जपायचा कसा हा प्रश्न पुढेही राहिलाच. आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी गांधीसाठी मिळालेलं ऑस्कर २०१२ मधे अकॅडमीकडे सांभाळायला परत दिलं होतं.

१९४४: कासाब्लांका, आणि कोणाला मिळालं नाही ते

दोन मार्च १९४४. दोस्त सैन्य फ्रान्समधे नॉर्मंडीला उतरायला अजून तीन महिने आहेत. या वर्षी जेवण बंद, सोहळा ग्रॉमन्स चायनीज थिएटरात, आणि गणवेशातल्या सैनिकांना फुकट पास. बेटी डेव्हिस जे म्हणत होती जवळपास तेच. अकॅडमीचं रोजचं कामकाजही तेव्हा एका बाईच्या हातात आलं होतं, मार्गारेट हेरिक, नवरा सैन्यात गेल्यावर तिने कार्यकारी पदाची जबाबदारी घेतली आणि पुढे कित्येक वर्षं सांभाळली. अकॅडमीचं ग्रंथालय आज तिच्या नावाने आहे.

कासाब्लांका बहुतेकांनी पाहिलेला असतोच. तरी परत बघा आणि या वेळी बोगार्ट-बर्गमनकडे दुर्लक्ष करा. मागच्या लोकांकडे बघा. कॅफेमधले जर्मन अधिकारी आपलं गाणं म्हणतायत आणि नाझींविरुद्ध लढणारा लाझलो बँडला मार्सेएज, म्हणजे फ्रान्सचं राष्ट्रगीत, वाजवायला सांगतो, तो सीन. गिटार घेऊन उभी असलेली बाई, टेबलांवरून उठणारी माणसं, आणि इव्हॉनचं काम करणारी मादलेन लबो जिच्या डोळ्यांतून पाणी येतंय. ती स्वतः जर्मनांपासून पळून फ्रान्समधून आलेली होती. रुलेटच्या टेबलावरचा मार्सेल दालिओसुद्धा. जर्मन मेजर स्ट्रासर झालेला कॉनराड व्हाइट नाझींमुळे जर्मनी सोडून आलेला, त्याची बायको ज्यू होती. वेटर झालेला एस. झेड. साकाल बुडापेस्टचा. खोट्या कॅफेत खरे निर्वासित बसलेत. हे माहीत असलं की तो सीन तसा राहतच नाही, मला दर वेळी भरून येतं.

सिनेमाला आठ नामांकनं होती, मिळाली तीन: सर्वोत्कृष्ट सिनेमा, दिग्दर्शन मायकल कर्टिझ, आणि पटकथा. सर्वोत्कृष्ट सिनेमाचं नाव पुकारल्यावर निर्माता हॅल वॉलिस उठायच्या आत स्टुडिओचा मालक जॅक वॉर्नर स्टेजवर पोचला होता. वॉलिस ते कधी विसरला नाही आणि थोड्याच दिवसांत त्याने स्टुडिओ सोडला.

हरलेले बघायचे तर इथे मजा आहे. बोगार्टला हरवलं पॉल लुकासने, वॉच ऑन द ऱ्हाइनमधल्या नाझीविरोधी जर्मन माणसाच्या भूमिकेसाठी. हे दोन्ही सिनेमे एकाच स्टुडिओचे आणि एकाच प्रश्नावरचे आहेत, की बाजूला उभं राहता येतं का. बोगार्टचा रिक सिनेमाभर बाजूला उभा आहे आणि शेवटी येतो. लुकासचा माणूस पहिल्यापासून आत आहे आणि त्याची किंमत घरादाराला मोजायला लावतो. एका रात्री एक, दुसऱ्या रात्री दुसरा असं बघा. लुकासला का मिळालं हे तेव्हा समजेल, तुम्ही मत देताना बोगार्टलाच द्याल ते वेगळं.

इन्ग्रिड बर्गमनला कासाब्लांकासाठी नामांकनच नव्हतं, होतं ते फॉर हूम द बेल टोल्ससाठी. जिंकली जेनिफर जोन्स, द साँग ऑफ बर्नाडेट, आणि तो तिचा पंचविसावा वाढदिवस होता. सर्वोत्कृष्ट सिनेमासाठी दहा नामांकनं असायचं हे शेवटचं वर्ष, पुढल्या वर्षापासून पाच, आणि दहा परत यायला २००९ च्या सिनेमांपर्यंत वाट बघावी लागली.

१९४५: थकलेल्या लोकांचा निकाल

पंधरा मार्च. अमेरिकन सैन्य आठवड्याभरापूर्वी जर्मनीतली ऱ्हाइन नदी ओलांडून गेलंय, तिकडे जपानच्या इवो जिमा बेटावर अजून माणसं मरतायत. जिंकलं काय तर गोइंग माय वे, सात बक्षिसं. बिंग क्रॉस्बी न्यूयॉर्कमधल्या एका गरीब चर्चमधे तरुण फादर म्हणून येतो, म्हाताऱ्या फादरशी जुळवून घेतो, गल्लीतल्या पोरांचं गायनपथक काढतो. बस. युद्धाचा उल्लेख अगदी ओझरता.

हा सिनेमा लोक टाळतात आणि डबल इन्डेम्निटी बघतात. तुम्ही दोन्ही बघा, पण क्रम उलटा ठेवा, आधी बिली वाइल्डरचा खुनाचा सिनेमा, मग क्रॉस्बीचा. वाइल्डरचा सिनेमा आजही धारदार आहे, एक संवाद वाया गेलेला नाही. त्यानंतर गोइंग माय वेचा शेवटचा प्रसंग बघा जिथे आयर्लंडहून म्हाताऱ्या फादरची नव्वदीपलीकडची आई येते आणि तो तिला कित्येक वर्षांनी भेटतो. थिएटरात बसलेल्या किती जणांचं कोणी ना कोणी समुद्रापलीकडे होतं. त्यांना भेट बघायची होती आणि सिनेमाने ती दाखवली. या निकालाला मी चूक म्हणणार नाही.

त्यातला म्हातारा फादर म्हणजे बॅरी फिट्झजेराल्ड, त्याला एकाच भूमिकेसाठी मुख्य आणि सहायक दोन्हीकडे नामांकन मिळालं होतं. सहायकचं जिंकला, मुख्य क्रॉस्बीने घेतलं, आणि असं परत होऊ नये म्हणून अकॅडमीने नियम बदलला.

माहितीपट: विथ द मरीन्स ॲट टारावा. वीसेक मिनिटांचा, रंगीत. लाटांवर तरंगणारे आपल्याच सैनिकांचे मृतदेह अमेरिकन प्रेक्षकांना दाखवायचे की नाही हा निर्णय थेट रूझवेल्टपर्यंत गेला होता आणि त्याने परवानगी दिली. मन घट्ट करून बघा, लहान मुलं बरोबर असतील तर नको.

१९४६ आणि १९४७: घरी परत

१९४६ चं पटकन. द लॉस्ट वीकेंड, दारूत बुडालेल्या लेखकाची गोष्ट, सिनेमा, दिग्दर्शन, अभिनेता रे मिलंड आणि पटकथा अशी चार बक्षिसं. वर्षापूर्वी रिकाम्या हाती गेलेला वाइल्डर आता दोन घेऊन गेला. शांतता आल्याबरोबर अंधारे विषय चालायला लागले एवढं नोंदवून पुढे जा.

१९४७ मात्र सावकाश घ्या. द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्हज, जवळजवळ तीन तास, एका बैठकीत जमलं तर उत्तम. दिग्दर्शक परत विल्यम वायलर, मिसेस मिनिव्हरनंतर बॉम्बर विमानांतून शूटिंग करत फिरलेला आणि एका उड्डाणात एका कानाची श्रवणशक्ती घालवून आलेला. मिनिव्हरमधे त्याने युद्धाची जी कल्पना केली होती आणि प्रत्यक्ष बघून आल्यावर जे केलं ते दोन्ही समोर ठेवा. भाषण नाही, पाद्री नाही, विमानांची रांग नाही. विमानं आहेत, पण मोडीत काढलेली, इंजिनं काढून घेतलेली, शेतात रांगेने उभी, आणि डॅना अँड्र्यूज त्यातल्या एकात जाऊन आपल्या जुन्या जागेवर बसतो.

हॅरॉल्ड रसेल खरा सैनिक, प्रशिक्षणात स्फोट होऊन दोन्ही हात गेलेला, व्यावसायिक नट नव्हेच. अकॅडमीला वाटलं स्पर्धेत तो जिंकणार नाही म्हणून त्याला खास पुरस्कार आधीच ठरवून ठेवला, आणि मग तो सहायक अभिनेत्याचं बक्षीसही जिंकला. एका भूमिकेसाठी दोन ऑस्कर मिळालेला तो एकटाच.

या सिनेमातला बारमधला सीन फ्रेम थांबवून बघा. पुढे पियानोवर रसेल हातांच्या जागी बसवलेल्या धातूच्या आकड्यांनी वाजवतोय, शेजारी त्याचा काका. मधे फ्रेडरिक मार्च उभा. आणि लांब मागे, कोपऱ्यातल्या टेलिफोन बूथमधे, बोटभर आकाराचा दिसणारा डॅना अँड्र्यूज मार्चच्या मुलीला फोन करून सगळं तोडतोय. ऐकू काहीच येत नाही. मार्चला पियानोकडे बघायचं असतं पण त्याचं सगळं लक्ष मागे आहे, तुमचंही जातं. कॅमेरा ग्रेग टोलंडचा, तोच ज्याने सिटिझन केन चित्रित केला होता. केनमधली ती खोल फ्रेम, जिच्यात जवळचं आणि लांबचं दोन्ही स्पष्ट दिसतं, जिला १९४२ मधे छायाचित्रणाचं बक्षीस मिळालं नाही आणि मिळालं फोर्डच्या सिनेमाच्या आर्थर मिलरला, तीच इथे सर्वोत्कृष्ट सिनेमात येऊन बसलीय. टोलंडला या सिनेमासाठी नामांकनसुद्धा नव्हतं.

प्रिंटबद्दल

सरकारी आणि सैन्याचे अमेरिकन माहितीपट कॉपीराइटमुक्त आहेत, मिडवे, प्रील्यूड टू वॉर, टारावा हे सगळे कायदेशीरपणे फुकट बघता येतात, फक्त एकाच नावाच्या बऱ्याच कॉप्या असतात त्यातली स्वच्छ निवडा. १९४४ मधे जिंकलेल्या डिसेंबर सेव्हन्थच्या दोन आवृत्त्या मिळतात, एक साधारण ऐंशी मिनिटांची आणि एक अर्ध्या तासाच्या आसपास. बक्षीस छोटीला आहे, आणि लक्षात घ्या की त्यातली हल्ल्याची बरीच दृश्यं नंतर उभी करून घेतलेली आहेत, ती खरी समजून पर्ल हार्बरच्या बातम्यांत अजूनही वापरली जातात.

मोठे सिनेमे कृष्णधवल आहेत तसेच बघा. कासाब्लांकाला नंतर रंग चढवलेली आवृत्तीही निघाली होती, ती कुठे दिसली तर सोडून द्या. सबटायटल चालू ठेवा, वेल्श उच्चार आणि फिट्झजेराल्डचं आयरिश इंग्रजी पहिल्या वेळी निसटतं. घाई असेल आणि तीनच बघायचे असतील तर मिसेस मिनिव्हर, बॅटल ऑफ मिडवे आणि द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्हज, याच क्रमाने.